गोरं करणारी ट्यूब

फेशियलच्या आधी मी बायकांना दहा प्रश्न विचारते म्हणून तुम्ही हसता ना, मग ऐका. भिवंडीत पार्लर टाकून मला तेव्हा चारेक वर्षं झाली होती. वळ गावची सुनीता लग्नाच्या आठवडाभर आधी आईला घेऊन फेशियलला आली. मी चेहऱ्याला नुसती वाफ दिली, तर ती किंचाळलीच. गाल लालबुंद झाले होते आणि पातळ कातडीतून शिरा दिसत होत्या.

"काय लावतेस गं तोंडाला?"

तिने पर्समधून मेडिकलमध्ये मिळते तसली एक ट्यूब काढली. "दीड वर्ष झालं, रोज लावते."

मी भडकले. "कोणी सांगितलं तुला?"

"तुमीच ना ताई. पयल्यांदा आलेले तवा."

खरं होतं. तेव्हा मी ती सगळ्यांनाच सांगायचे. आठ दिवसांत उजळायच्या, खूश व्हायच्या. त्यात कातडी पातळ करणारं स्टेरॉइड असतं हे मला नंतर कळलं. मग मी सांगणं बंद केलं, पण आधी सांगितलेल्या एकीलाही शोधायला गेले नाही.

मी तिचा हात धरला. "चूक माझी आहे. आजच स्किनच्या डॉक्टरांकडे जाऊ, मी येते बरोबर."

आईने विचारलं, "ट्यूब सोडली तर रंग राहील?"

"नाही. आधी चेहरा आणखी लाल होईल, मग हळूहळू मूळ रंग येईल."

सुनीताने ट्यूबचं झाकण घट्ट लावलं.

"मग न्हाय सोडता येणार, ताई. त्यांनी मला गोरी बघून पसंत केलीय."