टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

कोणी 'पंपच खराब आहे' असं छातीठोक सांगितलं का मले लाखनीचा बुलडोझर आठवते. ऐंशी सालाच्या आसपास आम्ही तिथं नहराच्या कामावर होतो. दसरा झाला अन् मशीन अर्धा तास चालून बंद पडू लागली. मी म्हटलं, "डिझेलचा पंप गेला." दोनदा खोलला, नागपूरले नेऊन दाखवला. पंप ठणठणीत!

ऑपरेटर गोविंदभाऊ म्हणे, "मिस्त्री, मी टाकीत काडी टाकून डिझेल पाहतो, मंग हे चालू होते."

मी चिडलो. "काडीनं मशीन दुरुस्त होते का?"

"झाकण खोलताना कान तं लावा जी."

कान लावला. झाकण सैल होताच टाकीनं सुस्सकन हवा ओढली. झाकणाचं हवेचं बारीक छिद्र शेंदरानं गच्च बुजलं होतं. टाकीत हवाच जात नव्हती, तं पंपाले डिझेल येईन कुठून?

"कोण्या गाढवानं इथं शेंदूर फासला?" मी ओरडलो.

गोविंदभाऊ हळूच म्हणे, "दसऱ्याची पूजा तुम्हीच केली होती न जी."

पुढच्या दसऱ्याले मी शेंदराची वाटी उचलली, तं गोविंदभाऊ टाकीच्या आडवा उभा राहिला अन् आपलं कपाळ पुढं केलं. "यंदा इथं लावा, मिस्त्री."