रुपालीला नापास करा

— नाय म्याडम, पास नाय, नापास. रुपालीला दहाला दहा असतील ते खोडा नि भोपळा द्या. हसू नका, मी शुद्धीवर हाय. मी तिचा बाप, महिपत, ह्याच मुरबाडच्या कालेजातला शिपाई. तुमीच नोटीस लावलीत ना — आजच्या इंग्रजी वाचायच्या परीक्षेत जे नापास, त्यांना दर रविवारी कल्याणला फुकट वर्ग? मंग! इथला एक पण पोरगा वर्गाला यायचा नाय. सगळी पास. का? मीच केली ना पास!

आता तोंडातून गेलंच तर ऐका — प्रिन्सिपॉलसायबांना तेवढं बोलू नका. पंचाण्णवपासून, दरसाल नवी पोरं आली का पाण्याच्या टाकीजवळ मी शिकवणी घेतो. प्रश्नातला लांबलचक शब्द धरायचा, वर उताऱ्यात तसाच दिसतो का बघायचा, गावला का मागल्या टिंबापासून पुढल्या टिंबापर्यंत उतरवायचं. अर्थ? अर्थ कोण विचारतो? मी आठवी नापास — तुमचा एक पेपर उरला होता, सहज सोडवला. हा घ्या, तपासा. नऊ? एक कुठं गेला हो? बरं, ऱ्हाऊ द्या.

पण रुपालीला नर्स व्हायचंय. आमची म्हातारी खोकत होती, तर हिनं दोन चमचे औषध पाजलं — ते छातीला चोळायचं होतं! बाटलीवर सगळं छापलेलं, इंग्रजीत, पण खाली प्रश्न कुठं होता? प्रश्नच नाय तर पोरगी शोधणार काय? म्हातारी वाचली, खडखडीत हाय, ढेकर तेवढे निलगिरीचे देते. पण पोरगी दोन दिवस जेवली नाय म्याडम. तिला मीच शिकवलं. माझंच चुकलं.

तर द्या भोपळा. काय? हा तिचा पेपर? कोरा? — नाय नाय, दुसऱ्या कोणाचा असंल — नाव तर हिचंच. आणि खाली हे काय, मराठीत... ‘मला उतरवता येतं. वाचता येत नाही.’

एकटीच? अख्ख्या कालेजात एकटीच नापास?

माझी पोरगी...

रडतोय, रडू द्या मला. तुमी जा म्याडम, कल्याणची जीप भरली असंल. मला घंटा द्यायचीय.