धारणीच्या गाडीची मागची सीट

शेषराव : सही केली असती तं साहेबाची खुर्ची, क्वार्टर, दारात सरकारी गाडी. तीन गोष्टी भेटत होत्या तुले. अन् तू त्या मामाच्या किशोरले देऊन आली.

दीक्षा : तीन वर्षं झाली, बाबा. अजून तेच?

शेषराव : दर्यापूर डेपोचा डायवर आहो मी. सुटलेली गाडी मले जन्मभर दिसते.

दीक्षा : सही कशावर होती? पेटल्या विमानातून पायलटला उडवून बाहेर काढणाऱ्या सीटवर. ती पास झाली होती ऐंशी किलोच्या पुतळ्यावर. मी विचारलं, पन्नास किलोची पोरगी बसली तर?

भागीरथा : तं काय होते माय?

दीक्षा : खालचा स्फोट तेवढाच, वजन कमी. पोरगी जास्त जोरात उसळते, आई. मणका मोडतो.

शेषराव : रिकामी यष्टी खड्ड्यात उसळते, तसं.

दीक्षा : तसंच. मग वजन पाहून जोर कमी करणारी सीट केली. दीड वर्ष लागलं. उशिराचं खापर माझ्यावर.

भागीरथा : अन् आत्ता जेवन सोडून अंगनात पयाली, तो कोनाचा फोन होता?

दीक्षा : ऑफिसचा. परवा एक विमान पडलं. पायलट मुलगी होती. एकोणपन्नास किलो.

(शेषराव ताट बाजूला सारून पुढं सरकतो.)

शेषराव : सांग ना वं पोरी.

दीक्षा : माझ्याच सीटनं बाहेर काढली तिला. ॲम्ब्युलन्सवाले झोपा म्हणत होते, अन् ही चालत होती! एक मणका जरासा दबला. उंची अर्धा सेंटिमीटर कमी. सहा महिन्यांनी परत उडेल म्हणतात.

शेषराव : भागीरथे, जठारपेठेत तुह्या भावाले फोन लाव! म्हन, तुमच्या किशोरच्या खुर्चीनं आजवर कोनाले वाचवलं, सांगा!

भागीरथा : आत्ता तं तिच्याच नावानं रडून राहिले होते.

दीक्षा : हे कॉलेजात नाही शिकले, बाबा. तुमच्या धारणीच्या गाडीत शिकले. लहानपणी मागच्या सीटवर, खड्डा आला तेव्हा जाडे नत्थुजीकाका जागचे हलले नाहीत, मी उसळून टपाला लागले.

भागीरथा : मी म्हनत होती, पोरीले समोर बसवा. तं हे म्हने, फुकट पासवाल्याच्या पोरीनं तिकीटवाल्याची जागा अडवू नाई.

शेषराव : नियमच होता माहा. ...लाव मंग हिशोब. तुही खुर्ची गेली. त्या पोरीची अर्धा सेंटिमीटर उंची गेली. माहं काय गेलं?

दीक्षा : तुमचं कशाला काय जाईल?

शेषराव : टपाला लागली तवा आरशात दिसली होती तू मले. गाडी थांबवली नाई मी. इकडं ये. टेंगूळ कुठं आलं होतं, दाखव.