ओल्या थरावर बसवलेली फरशी

आजच्या निवृत्ती समारंभाचे अध्यक्ष, आपले मुख्य अभियंता साहेब. उद्यान विभागाच्या प्रमुख मॅडम. ज्यांच्यासाठी हे सभागृह भरलंय ते आपले हेडमिस्त्री आणि त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या काकू. पहिल्या रांगेतल्या चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका, आपल्या सगळ्यांच्या बाई. आणि थापी-घमेली बाजूला ठेवून, कडक इस्त्रीचे कपडे घालून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. आम्ही अभियंते दिलेल्या मुदतीत किती काम करतो हे आपण जाणताच, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

हेडमिस्त्रींना आपण कुणीच नावाने हाक मारत नाही. सगळ्यांचे ते ओळंबाकाका. भिंत सरळ आहे की नाही हे ओळंबा सोडल्यावर कळतं, आणि काम सरळ आहे की नाही हे काकांच्या चेहऱ्यावरून. त्यांच्या शिस्तीबद्दल, वक्तशीरपणाबद्दल आधीच्या वक्त्यांनी छान सांगितलं. मी एका फरशीबद्दल बोलणार आहे.

नऊ वर्षांपूर्वी आपल्या विभागाने पहिली उघड्यावरची व्यायामशाळा बांधायला घेतली. माझंही ते पहिलंच स्वतंत्र काम. यंत्रं ठरली, रंग ठरले, फलकावर कुणाचं नाव वर हेही ठरलं. पायाखाली काय घालायचं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी निघाला. आणि खरं सांगा, बागेत व्यायाम करताना पायाखाली कोण बघतं?

माझ्या टेबलाजवळ नमुने मांडून ठेवले होते. काका कसल्याशा सहीसाठी आले होते. त्यांनी चपला काढल्या आणि एकेका नमुन्यावर उभे राहिले, हलकीशी उडी मारून पाहिली. मला हसू आलं होतं. ते म्हणाले, इथे साठीच्या पुढची माणसं येणार, नुसतं काँक्रीट गुडघ्यांना सोसायचं नाही. वाळू मऊ खरी, पण तिच्यात चाकांची खुर्ची रुतेल. गुळगुळीत फरशीवर दव पडलं की माणूस आडवा. शेवटी जाड, खरखरीत रबरी फरशीवर ते जरा जास्त वेळ उभे राहिले. "ही घ्या मॅडम," म्हणाले, "पण हिच्या खालचं काम नीट झालं तरच ही चांगली."

मी तीच घेतली. बैठकीत निवड माझी म्हणून सांगितली. टाळ्याही मिळाल्या.

खाली खडी दाबली, वर काँक्रीटचा थर टाकला, पाणी वाहून जावं म्हणून काकांनी त्याला उतार दिला. आता तो थर पुरता सुकेपर्यंत थांबायचं होतं. पण उद्घाटनाची तारीख पुढच्या रविवारची पडली. काकांनी काय केलं, तर हातभर प्लास्टिक त्या थरावर अंथरलं, चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. प्लास्टिकच्या आतून थेंब जमले होते. काका म्हणाले, खाली अजून ओल आहे, डिंक धरणार नाही, तीन आठवडे द्या.

मी म्हणाले, तारीख बदलणार नाही. चिकटवा.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कामाला लागले. रविवारी फीत कापली, फोटो निघाले. हिरव्या-तांबड्या फरश्या इतक्या सुरेख दिसत होत्या, की मला वाटलं, उगाच घाबरवत होते काका.

तिसऱ्या महिन्यात फरश्यांचे कोपरे सुटायला लागले. वहीचं पान दुमडावं तसे. सकाळी फिरायला येणाऱ्या कुणीतरी तक्रार दिली. मी ती फाईलला लावली आणि पुढच्या आठवड्यात बघू म्हटलं. त्याच आठवड्यात बाईंचा पाय एका कोपऱ्यात अडकला. त्या उजव्या हातावर पडल्या आणि मनगट मोडलं. आयुष्यभर त्या हातात कुंचला धरलेल्या बाई. आजही तो हात पुरता वळत नाही.

मी दवाखान्यात गेले नाही. बैठक होती, असं मी स्वतःलाच सांगितलं. काका गेले. फरशी कुणी बसवली, असं बाईंनी विचारलं. हे मला बाईंनीच सांगितलं आहे. काका म्हणाले, "मी बसवली." कुणाच्या हुकमावरून, ते बोलले नाहीत.

चौकशी झाली. अहवाल एका पानाचा होता आणि त्यात लिहिलं होतं, कारागिराचा हलगर्जीपणा. खाली सही करायची होती. अध्यक्षमहाराज, पेन हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. नोकरीत कायम व्हायला मला दोन महिने उरले होते. मी सही केली.

तो शेरा काकांच्या सेवापुस्तकात गेला. हेडमिस्त्रीची जागा त्यांची होती, ती दुसऱ्याला मिळाली. त्यांना तीन वर्षं थांबावं लागलं. मधल्या काळात त्यांनी ती सगळी फरशी उखडली, थर पुरता वाळू दिला आणि पुन्हा बसवली. गेल्या आठवड्यात मी वाकून कडा बघितल्या. अजून नखही शिरत नाही.

माझा धीर व्हायला गेलं वर्ष उजाडावं लागलं. नव्या बागेत पुन्हा तीच घाई होती. काका सरळ खुर्ची घेऊन त्या ओल्या थराच्या मधोमध जाऊन बसले, आणि हे सुकल्याशिवाय कुणी डिंकाचा डबा उघडायचा नाही म्हणाले. ठेकेदार माझ्याकडे धावत आला. या वेळी मी तारीख पुढे ढकलली. मग काकांजवळ जाऊन मी विचारलं, त्या वेळी चौकशीत तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?

ते म्हणाले, "सांगितलं होतं मॅडम, पण अडून बसलो नव्हतो. तेवढी चूक माझीच."

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि थराला हात लावून बघितला.

महिन्यापूर्वी मी सगळं खरं काय ते लेखी दिलं. अध्यक्षसाहेबांनी परवा त्यावर सही केली आणि शेरा रद्द झाला. माझ्यावर जी काही कारवाई व्हायची ती होईल. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

खरं तर इथेच थांबायचं ठरवलं होतं. पण चार दिवसांपूर्वी मी आमंत्रण द्यायला काकांच्या घरी गेले. काकूंनी चहा दिला आणि सहज म्हणाल्या, "ह्यांच्याकडून आयुष्यात एकदाच चूक झाली, पण बाईंनी मोठ्या मनाने पोटात घातली." काका कपाकडे बघत राहिले. तेव्हा मला कळलं, ह्या माणसाने घरातही तोंड उघडलेलं नाही. आणि बाईंचा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा दीड महिना रोज सकाळी जाऊन त्यांची वेणी घालणाऱ्या, त्यांना जेवू घालणाऱ्या काकू, नवऱ्याच्या हातून पाप घडलं म्हणून ते करत होत्या.

मी चहा संपवला आणि निघून आले. त्या दिवशीही बोलले नाही.

म्हणून आज, एवढ्या लोकांसमोर बोलते. काकू, ह्यांच्याकडून ती चूक झालीच नव्हती. ती माझी होती. बाईंची सेवा तुम्ही माझ्या वाटची केलीत.

काकांना दीर्घ, निरोगी आयुष्य लाभो. मला बोलण्याची संधी दिलीत, त्याबद्दल अध्यक्षांची आणि संयोजकांची मी आभारी आहे. वेळ जास्त घेतला, शब्द पुढेमागे झाले, त्याची सभागृहाकडे क्षमा मागते. काकू, तुमच्याकडे आत्ता मागत नाही. इथे सगळ्यांसमोर तुम्हाला 'हो' म्हणावं लागेल. तुम्ही घरी जा, काकांशी बोला, हवा तेवढा वेळ घ्या. मी घरी येऊन विचारेन.