पेहेचा खडक

नाही गं, फोटो एकच आहे, आणि त्यात मी नाही — नुसता खडकच आहे. बस ना, नुपूर. पुढच्या आठवड्यात तू नि तुझा स्वानंद हवाईला चाललात म्हणून विचारायला आलीस ना? मग ऐक. लानाई नावाचं बेट आहे, त्याच्या किनाऱ्याजवळ समुद्रात हा उभा — ज्वालामुखीचा, तांबडा-काळा, आपल्या बिल्डिंगएवढा उंच. वर जाता येत नाही, समोरच्या कड्यावरून बघायचा. तेही उन्हातून चालत जाऊन. आमच्या बोटीत सगळी इथलीच, जपानी नवी जोडपी — सारख्या टोप्या, सारखे शर्ट — आणि आम्ही दोघं.

गाईडने गोष्ट सांगितली. पेहे नावाची मुलगी होती, फार देखणी. नवऱ्याला धास्ती — दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडली तर? म्हणून त्याने तिला कड्याखालच्या गुहेत ठेवलं. अगदी समुद्राच्या तोंडाशी! एकदा तो पाणी आणायला गेला, वादळ आलं, ती बुडाली. मग हा रडला, खडकावर नेऊन तिला पुरलं आणि स्वतः खाली उडी मारली. झालं! सगळ्यांनी रुमाल काढले. सुशील म्हणतो, “बघ, याला म्हणतात प्रेम.” मी म्हटलं, तिला कुणी विचारलं होतं का, गुहेत राहतेस का म्हणून? तर म्हणाला, तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे.

असेल बाई. चहा घे, गार होतोय.

मी तेव्हा स्टेशनजवळच्या बेंतोच्या दुकानात पार्ट-टाइम जायचे, माहितीये तुला? जेवणाचे डबे भरायचे. मालकीण इशिकावासान — तिने दर बुधवारी माझ्या हातची चण्याची उसळ ठेवायला सुरुवात केली. फळ्यावर माझं नाव लिहायची, ‘सुप्रभासानची करी’. संपायची गं दुपारपर्यंत! सुशीलला ते नाव खुपायचं. ऑफिसातले लोक जातात तिथून, म्हणायचा, बघतात.

तर हवाईला निघालो. जपानातून बाहेर जायचं तर परत येण्याचा शिक्का आधी पासपोर्टवर घ्यावा लागतो — री-एंट्री. त्याचा कंपनीने करून घेतला. माझा त्याने करायचा होता. राहिला. राहिला म्हणतो तो, मीही तसंच म्हणते. नारिता विमानतळावर काउंटरवरच्या माणसाने माझा पासपोर्ट उलटसुलट केला आणि जपानीत विचारलं — या कायमच्या चालल्या ना, परत येणार नाहीत ना? सुशील म्हणाला, “हाय” — म्हणजे हो. त्याला सगळ्यालाच हाय म्हणायची सवय आहे, अर्धं कळत नाही त्याला. माणसाने माझं इथे राहण्याचं रजिस्ट्रेशनचं कार्ड काढून घेतलं आणि आम्ही विमानात बसलो.

पुढचं तू ऐकलंच आहेस. गणपतीत सुशील सगळ्यांना रंगवून सांगतो ना — परत आलो तर हिला अडवलं, हा गेला घरी कारण सकाळी मीटिंग, हिला दोन दिवसांनी मुंबईच्या विमानात बसवलं, नवा व्हिसा मिळेपर्यंत सात महिने सांगलीला! तूही हसलीस. हसू दे गं, सांगतोच तो तसं. आणि शेवटी काय म्हणतो? बिचारीला जपानी कुठे येतं.

येतं मला. दुकानात दोन वर्षं दुसरं काय ऐकत होते? काउंटरवरच्या त्या माणसाचा शब्दन्‌शब्द मला कळला होता.

का नाही बोलले? चारचौघांत मी जपानीत बोलले की त्याचा चेहरा पडतो. परक्या माणसासमोर त्याची चूक कशी काढायची? मला वाटलं, विमानात सांगीन. विमानात तो खुशीत होता. मग वाटलं, हॉटेलवर सांगीन. त्या खडकासमोर उभी होते ना, तेव्हाही माहीत होतं मला, की आपण परत येऊ शकत नाही. पाच दिवस! तो फोटो काढ म्हणाला, मी काढला.

परत आले तेव्हा फळ्यावर दुसरंच कुणाचं तरी नाव होतं. इशिकावासानने वाकून नमस्कार केला, गिऱ्हाइकाला करतात तसा.

त्याला? नाही, मला तेव्हाच कळलं होतं हे त्याला अजून माहीत नाही. आणि तू स्वानंदला सांगणार नाहीस. काय गं, रडतेस कशाला? तुझा पासपोर्ट कुठे असतो, त्यावर तो शिक्का आहे का, ते बघ आधी घरी जाऊन. नाही, आत्ता. चहा राहू दे. जा म्हटलं ना.