चुकलेलं हृदय

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी मावशी-भाची बसल्या होत्या.

"मावशी, ताईच्या बाळाच्या हृदयाचं स्कॅनवरून बनवलेलं प्लास्टिकचं मॉडेल आत डॉक्टरांसमोर आहे ना, ते मी केलंय."

"तुझी पीएचडी यातली? मला वाटलं, तू कार्टून काढतेस."

"आकारांमधली भोकं शोधते गं. स्कॅनमध्ये खोटी भोकं येतात, ती माझा प्रोग्राम बुजवतो. पहिल्या खेपेला त्याने बाळाच्या हृदयातलं खरं भोकही बुजवलं."

"अगं बाई! मग?"

"डॉक्टर म्हणाले, हे तर ठणठणीत आहे, मग मी शिवू तरी काय? मग खरं-खोटं ओळखायला शिकवलं प्रोग्रामला."

"ते पहिलं मॉडेल टाकलंस?"

"नाही, पर्समध्येच आहे."

"आण इकडे. संध्याकाळपर्यंत आपल्या बाळाचं अस्संच व्हायचंय."