दाजींना कॅसेटमधी घालायचं म्हंजे...

...आन् वरून मलाच म्हणतेत, "वीरेश, तुला शिकायला काय धाड भरली व्हती? नेटवर सगळं हाय!" असंल की! मी कुठं न्हाई म्हणलो? पण तुमाला सांगतो, नांदूरघाटहून एसटीनं बीडला जायचं, क्याफेत नंबर लावायचा, नेट जोडताना त्या फोननं कुंईऽऽ घर्रर्र करून गळा काढायचा, आन् पान उघडायचं कसं, तर वरून खाली, एक एक बोट! फोटोतल्या माणसाचं कपाळ दिसायला पाच मिन्टं, भुवया दिसायला अजून पाच, आन् नाकापशी आलं की... गेली लाईट! म्हणे, नेटवर सगळं हाय!

आता तुमी म्हणाल, तुला ही उठाठेव कावून? आवं, माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. बदामात नवरी, गुलाबातून नवरदेव, एवढं येतंय आपल्याला, आन् एवढ्यावर धा वर्षं बरी चालली. पण घरचंच लग्न आलं ना! धाकट्या भावाचं, क्यामेरा माझाच. फेटे बांधायची येळ. आमच्यात पहिला फेटा थोरल्या जावयाला. थोरले जावई म्हंजे सिद्धाराम दाजी, कडा गावचे, आमच्या शिवांजलीअक्काचे मालक. दाजी टोपी काढून, केस विंचरून, मान पुढं करून तयार! आन् आमच्या अप्पांनी, म्हंजे वडलांनी, गडबडीत पहिला फेटा बांधला कुणाला? नवरीच्या मामाला! झालं! दाजी उठले, अक्काला जीपमदी बसवलं, आन् अक्षता पडायच्या आत गाडी कड्याच्या रस्त्याला. जेवले सुदिक न्हाईत हो.

तवापसून अक्का माहेराला न्हाई. पंचमीला न्हाई, दिवाळीला न्हाई. मायनं झोका बांधला, आन् दोन दिसांनी आपल्याच हातानं सोडला. फोन केला की अक्का म्हणायची, "मी बरी हाय," आन् पुढं गप. आता मला सांगा, बरी असलेली बहीण एवढ्यावर गप बसती का? लई जीव तुटायचा वो...

शेवटी वर्षानं अप्पा मला घिऊन गेले कड्याला, हात जोडले. तर दाजी कसे म्हणले, असे मिशीवरून बोट फिरवीत, "मामा, चूक कॅसेटमधी हाय, कॅसेटमधीच दुरुस्त व्हईल. फेट्याच्या शॉटमधी मी पाहिजे. फेटा बांधलेला पाहिजे. नवरीच्या मामाच्या पुढं पाहिजे! आन् मी नसलेली जुनी कॅसेट जगात उरता कामा न्हाई. मग धाडतो पंचमीला." मी म्हणलं, दाजी, लग्न होऊन वर्ष झालं, आता तुमाला त्या मांडवात घालू कसं? तर म्हणले, "कावून? नेटवर सगळं हाय!" कुणी सांगितलं यांना? कारखान्यातल्या कुण्या सायबानं!

गेलो बीडला. क्याफेवाला त्रिंबक, माझा जुना दोस्त. "एडिटिंग शोध बे," म्हणलं, "ते व्हिज्युअल इफेक्ट का काय ते." दाबलं त्यानं. लाखभर पानं! माझा ऊर भरून आला. पहिलं उघडलं, तर आत फावडं घेतलेला माणूस, म्हणे काम चालू हाय. दुसरं उघडलं, तर आभाळात विमानं फुटायलीत. आरं, मला दाजी पाहिजेत, विमान काय करू? तिसऱ्यावर परदेशातले एडिटर लोक एकमेकांला सवाल-जवाब करायलेत. त्रिंबक म्हणला, "टाक तुझा सवाल." मग आमी दोघांनी बसून इंग्रजीत लिवलं, की आमचे दाजी फेट्यावरून रुसून गेले, त्यांना वर्षानं लग्नात कसं घालावं, अर्जंट! आठ दिसांनी जवाब बघायला गेलतो. एकानं इचारलं, "फेटा म्हंजे काय?" दुसऱ्यानं लिवलं, "आदी त्यांची माफी मागा." आन् तिसरा, कुठला कॅनडाचा, तो म्हणला, "माझेबी दाजी असेच हायत, काही जमलं तर मलाबी कळवा!"

आता बोला! नेटवर सगळं हाय!

पण चौथ्या खेपेला घावलं. सोपं व्हतं वो! माणसामागं निळं कापड लावायचं, शूटिंग करायचं, आन् कंप्युटरला म्हणायचं, निळं तेवढं खाऊन टाक. निळं गेलं की माणूस सुटा. मग मांडवात उभा करा, न्हाईतर चंद्रावर! तीन पानं व्हती. म्हणलं, त्रिंबक, छाप. पहिलं पान खर्र खर्र करून बाहेर आलं, आन् लाईट! दोन तास बसलो, आली न्हाई. त्रिंबक म्हणला, "पहिल्या पानात असतंय बे सगळं. बाकीचं नुसतं पाल्हाळ."

आन् मी ऐकलं! मीच गाढव!

लावलं कापड भिंतीला, मंडपवाल्याकडून आणून. दाजी आले, एकटेच. अप्पांनी फेटा स्वतः जाऊन आणलेला, भारीतला, मोरपंखी, ही एवढी जरीची किनार! स्वतःच्या हातानं बांधला. म्हणले, "चुकलं माझं, जावईबापू." दाजींनी मान वाकवली. मी क्यामेऱ्यातून बघायलो, मलाच गहिवरून आलं.

पुढं कंप्युटर दोन दिस दोन राती घुमत व्हता. त्याच्यात चित्र दिसायचं काडेपेटीएवढं. दाजींची मिशी मांडवात दिसली, मी म्हणलं जमलं! पंचमीच्या सकाळी काम संपलं, दाजींच्या अटीपरमानं जुन्या कॅसेटवरच टेप केलं, आन् दारात जीप. अक्का आत, मांडीवर पिशवी. दाजी म्हणले, "आदी कॅसेट. मग पिशवी उतरंल." माय उंबऱ्यात भाकरतुकडा घेऊन उभी. सगळी गल्ली टीव्हीपुढं. लावली कॅसेट...

काय सांगू तुमाला! दाजी आले की हो मांडवात! ऐटीत! मामाच्या पुढं! पण कपाळाच्या वर... काहीच न्हाई! मोरपंखी ते निळ्यातच जमा, कंप्युटरनं सगळा फेटा खाल्ला! नुसती जरीची किनार हवेत गोल, आन् त्या किनारीच्या आत, आरपार, सोच्छ, आमचे अप्पा मामाला फेटा बांधायलेत! दाजींच्या डोस्क्यात! मी दोन्ही हातांनी टीव्ही झाकला, तरी मधून दिसतंयच! नंतर त्रिंबकानं दुसरं पान छापून दिलं. पहिलीच ओळ: माणसाच्या अंगावर कापडाच्या रंगाचं काही नको. पहिलीच! नेटवर सगळं हाय, पण कुणाच्या बापाला घावतंय?

काय झालं म्हणून अक्का पिशवीसगट जीपमधून उतरली, दारात आली, टीव्हीकडं बघितलं, दाजींकडं बघितलं... आन् हसली! भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येस्तोवर हसली. वर्षाचं साठलेलं एकदम बाहेर पडलं. मग माय हसली, मग गल्ली. अप्पा बिचारे टोपीत तोंड घालून!

दाजी उठले. लालबुंद. "वीरेश! मला काढ ह्याच्यातून! मी निघाल्याबिगर हिला न्यायला यायचा न्हाई!" आन् जीप एकटीच गेली.

झाली का पंचाईत! आदी धाडत न्हवते, आता नेत न्हाईत! आन् काढू कसं? जुनं सगळं पुसलेलं! उभ्या माणसाला चित्रातून काढायचं म्हंजे घालण्याच्या दसपट अवघड, असं म्हणतेत. तर आता दर सोमवारी मी पुन्ना बीडला. दिवाळी आली तोंडावर. अप्पा रोज इचारतेत, "कुठवर आलं?" मायला घोर, गल्लीला चर्चा. आन् अक्का? अक्का पहाटं उठती, माझ्यासाठी भाकरी-ठेचा बांधती, एसटीपस्तोर सोडायला येती, आन् खिडकीतून पिशवी देताना हळूच म्हणती, "वीरू, सावकाश शीक रं. काही घाई न्हाई."